पन्नासावा मणी

मागल्या दिवाळीत पुण्याला पुतण्याकडं गेलो होतो. त्यानं मोठ्या हौसेनं मला त्याच्या क्लबात नेलं. गालिचे, आरसे, थंडगार खोल्या. एका दालनात हिरव्या कापडाचं लांबलचक टेबल होतं. "काका, हे बिलियर्ड्स," तो म्हणाला, जणू मी जन्मात कधी पाहिलंच नव्हतं. मी टेबलाभोवती एक चक्कर मारली. सहा भोकं, सहा जाळ्या. म्हटलं, "बिनभोकाचं कुठं आहे?"

तिथला माणूस हसला. "आजोबा, भोकं नसतील तर बॉल जाणार कुठं?"

मला असा संताप आला! जायचं कशाला कुठं? जाण्यासाठी का खेळ असतो? पुतण्यानं हाताला धरून चहाकडं ओढलं म्हणून बरं, नाहीतर त्या माणसाला मी तिथंच चार गोष्टी सुनावल्या असत्या. घरी आल्यावर पुतण्या समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, तो खेळ केव्हाच बुडाला असेल. इतर देशांत कुठं खेळत असले तर असतील. पण आपल्या जालन्यात तो आला तरी कुठून?"

आला होता बाबा. जालन्याच्या कापसाच्या जिनात इंजिन बसवायला एक फ्रेंच साहेब आला होता, त्यानं जहाजातून आणि मग मालगाडीतून ते टेबल आणलं. जाताना ते इथल्या ऑफिसर-वकिलांच्या क्लबाला देऊन गेला. आणि टेबलाबरोबर देऊन गेला सोनाजी.

सोनाजी केदारखेड्याचा. शेतकऱ्याचा मुलगा, दोन भाऊ शेतीत, म्हणून हा जिनात मजुरीला आलेला. रेच्यांना, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांना, तेल घालायचं काम. ओळीनं चाळीस रेचे धडधडत असायचे, त्यात एकाचा रूळ जरा घासला तरी सोनाजी लांबूनच बोट करायचा. साहेबानं हा कान हेरला आणि त्याला बंगल्यावर नेऊन आपल्या खेळाचा मार्कर केला. मार्कर म्हणजे टेबल झाडणारा, काठ्यांना खडू लावणारा आणि खेळाचे गुण मोजणारा माणूस.

खेळ साधा आहे. दोन पांढरे गोळे, एक लाल. आपल्या पांढऱ्याला काठीनं असा मारायचा की तो उरलेल्या दोघांनाही लागला पाहिजे. लागला की एक गुण आणि पुन्हा तुमचीच खेळी. चुकला की समोरच्याची. बस्स. टेबलाच्या वर आडव्या दोन तारा बांधलेल्या, प्रत्येकीत पन्नास मणी. गुण झाला की मार्कर काठीच्या टोकानं एक मणी सरकवणार. ज्याचे पन्नास आधी सरकले तो जिंकला. आता ऐकायला सोपं वाटतं. पण दुसऱ्या गोळ्यापर्यंत पोचता पोचता आपला गोळा इतका मंद होतो, की तो लागला की नुसता जवळ जाऊन थांबला हे भल्याभल्यांना कळत नाही. तिथं सोनाजी लागायचा.

उंच, किडकिडीत, कानात बाळी, धोतरावर क्लबाचा पितळी बटणांचा पांढरा कोट आणि पाय अनवाणी. चपलेचा आवाज नको म्हणून अनवाणी. कुणी नाजूक खेळीला वाकलं की सोनाजी हात वर करायचा. मग पंखेवाल्यानं दोरी सोडायची. वैशाखातलं जालन्याचं ऊन, कोट घातलेले ऑफिसर, घामाच्या धारा, आणि हा म्हणणार, "साहेब, बूट थांबवा." बूट थांबायचे. हा डोळे मिटून मान जराशी कलती करायचा. गोळा जायचा, पहिल्याला लागायचा, मग दुसऱ्याकडं. आणि मग सोनाजी दोनच शब्दांतला एक शब्द बोलायचा. "लागला." नाहीतर "न्हाई."

एकदा दुय्यम तालुकदार खेळत होते. म्हणजे आताचे डेप्युटी कलेक्टर समजा, पण निजामाच्या त्या राज्यात त्यांचा दरारा काय सांगू! त्यांचा गोळा लालजवळ जाऊन थांबला. सोनाजी म्हणाला, "न्हाई."

तालुकदार म्हणाले, "लगभग लग गया."

"साहेब, लगभग म्हंजे न्हाई."

तालुकदारांनी काठी टेबलावर ठेवली. "तू जानता है, किससे बात कर रहा है?"

"जी. साहेबांसंगट. पर गोळ्याला ते ठावं न्हाई."

तालुकदार तरातरा निघून गेले. आम्हाला वाटलं, सोनाजीची नोकरी गेली, कदाचित क्लबही गेला. सोनाजीनं मात्र कापडावरून ब्रश फिरवला आणि गोळे पेटीत ठेवले. आठ दिवस तालुकदार आले नाहीत. नवव्या दिवशी आले, काठी उचलली, आणि त्यानंतर त्या माणसानं कधी सोनाजीच्या शब्दाला शब्द लावला नाही. पुढं पुढं तर दोघा खेळणाऱ्यांत वाद झाला, की लोक टेबलाकडं बघायचेच नाहीत, सोनाजीच्या तोंडाकडं बघायचे.

ते गोळे हस्तिदंताचे होते. सोनाजी त्यांना सरकीत ठेवायचा. लाकडी पेटीत कोरडी सरकी, तिच्यात तीन गोळे. हस्तिदंताला ऊन सोसत नाही, गारठाही सोसत नाही. म्हणून थंडीत पेटी चुलीपासून चार हात लांब, उन्हाळ्यात रांजणापासून चार हात लांब. घरात आजारी म्हातारं माणूस जपावं तसे जपायचा.

आणि मी दीडशहाणा! नुकताच क्लबाचा सेक्रेटरी झालो होतो. हैदराबादहून नवे मुन्सफ साहेब येणार होते. मी वकील, म्हणजे उद्यापासून त्यांच्याच कोर्टात उभं राहायचं. म्हटलं, सगळं कसं लख्ख दिसलं पाहिजे. आमच्या घरी दागिने रिठ्याच्या कढत पाण्यात धुतात. सोनाजी गावाला गेल्याचं पाहून मी ते तिन्ही गोळे रिठ्याच्या कढत पाण्यात टाकले. काय चमकले म्हणता!

सोनाजी परत आला. त्यानं लाल गोळा कानाशी धरला आणि नखानं टिचकी मारली. मग तो खाली जमिनीवरच बसला.

"वकीलसाब, काय केलं वो हे?"

गोळ्याला केसाएवढी चीर गेली होती. दिसायलाही दिसत नव्हती. पण आवाज बद्द झाला होता. दोन्ही पांढरे एकमेकांना लागले की टक्क, लालला लागला की नुसतं 'थप'. हलका लागला तर तेवढंही नाही. मी कानकोंडा होऊन म्हणालो, नवा मागवू. "नवा येईल मसाल्याचा, हस्तिदंताचा न्हाई, वजन येगळं," तो म्हणाला. महिनाभर त्यानं तो गोळा सरकीत निजवला. मला एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. तेव्हापासून लाल गोळा लागला की नाही, हे सांगणारा सबंध जालन्यात एकटा सोनाजी उरला.

मुन्सफ साहेब आले. पन्नाशीचे, हसतमुख, बोलायला मोकळे, पण खेळ सहा भोकांचा खेळणारे. टेबल बघून थट्टेनं म्हणाले, "ये क्या है भाई? कपडे का मैदान?" क्लबात जो तो त्यांना खूश करायला टपलेला. दौऱ्यावर येणाऱ्या साहेबलोकांनाही भोकांचाच खेळ यायचा. महिन्याभरात ठरलं सुद्धा, की सिकंदराबादहून कारागीर बोलवायचा आणि टेबलाला सहा भोकं पाडायची.

हे सोनाजीला सांगायचं काम माझ्याकडं आलं. तो काठीला खडू लावत होता.

"पाडा की," तो म्हणाला. मग बराच वेळ खडूच घासत राहिला. "भोकात गोळा गेला म्हंजे डोळ्याला दिसतो. आंधळ्यालाबी दिसंल. मंग माझं काय काम? जिनात जाऊन पुन्ना तेल घालीन. त्याचं दुख न्हाई. पर वकीलसाब, एकदा कापडाखालच्या दगडाला भोक पाडलं की ते बुजत न्हाई. हा खेळ पुन्ना कुणी खेळणार न्हाई. जिनातला साहेब म्हनला व्हता, इकडं दुसरं टेबल न्हाई. मुंबईला नसंल, हैद्राबादेला नसंल. हे एकच हाय. ते म्या माझ्या हातानं मरू देऊ का?"

संध्याकाळी मुन्सफ साहेब खुर्चीवर बसले होते. सोनाजी त्यांच्यापुढं जाऊन हात जोडून उभा राहिला. क्लबात मार्करनं असं पुढं यायची रीतच नव्हती. तो म्हणाला, "साहेब, एक डाव खेळा माज्यासंगट. म्या हरलो तर कारागीर बोलवा. जिंकलो तर भोकं पाडू नका."

एक-दोघं खेकसले, "मार्कर साहेबाबरोबर खेळणार? भान आहे का?" मुन्सफ साहेबांनी हात वर केला. विलायतेत शिकत असताना एका फ्रेंच माणसाच्या घरी ते हा खेळ खेळले होते म्हणे. माणूस खेळाडू होता. "मंजूर," ते म्हणाले. "इतवार को, दोपहर में. पचास का खेल."

मी मध्ये बोललो, "पण साहेब, गुण कोण मोजणार? मार्कर तर हाच."

"यही गिनेगा. इसके कान पर हमको एतबार है."

मी सोनाजीकडं पाहिलं. असा उतरलेला चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. तो म्हणाला, "साहेब, दुसरं कुणी नेमा." साहेब हसले, "दूसरा है कौन?" खरंच होतं. दुसरा कुणी नव्हता.

रविवारी दुपारी सगळा क्लब लोटला. जिनाला सुट्टी, म्हणून धडधड नाही. पंखा आधीपासूनच बंद. बूट काढून सगळे भिंतीला टेकून उभे. मला पश्चिमेच्या खिडकीशी जागा मिळाली.

मुन्सफ साहेब खेळले झकास. चाळीसला पोचले तेव्हा सोनाजी अठ्ठावीसवर. सोनाजीचा नेम चुकत होता. स्वतःच्या खेळीनंतर तो डोळे मिटायचा, ऐकायचा, आणि स्वतःविरुद्ध स्पष्ट म्हणायचा, "न्हाई." दोनदा तर आम्हा सगळ्यांना वाटलं की लागला होता. साहेब सुद्धा म्हणाले, "लगा था शायद." सोनाजी म्हणाला, "शायद म्हंजे न्हाई." मला ओरडावंसं वाटलं, अरे लेका, घे की!

मग त्याचा हात बसला. एकामागून एक मणी सरकायला लागले. तीस, पस्तीस, एकेचाळीस. तो टेबलाभोवती अनवाणी फिरत होता आणि खोलीत फक्त टक्क, थप आणि मण्याचा आवाज. चव्वेचाळीसला चुकला. साहेब अठ्ठेचाळीसला जाऊन चुकले. सोनाजी पुन्हा वाकला. पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास.

पन्नासावा अवघड होता. लाल गोळा अगदी माझ्या कोपऱ्यात, खिडकीखाली. सोनाजीनं आधी दुसऱ्या पांढऱ्याला मारलं, टक्क. त्याचा गोळा तीन कडांना आपटून फिरला आणि मंदावत मंदावत लालकडं यायला लागला. सगळ्यांच्या माना त्याच्याबरोबर वळत होत्या. गोळा सरपटत आला, आला, आणि थांबला.

माझ्यापासून दीड हातावर थांबला. खिडकीतला उजेड दोन्ही गोळ्यांच्या मधून आरपार येत होता. पोस्टकार्ड आत जाईल एवढी फट होती. लाल गोळा जागचा हललाही नव्हता. पलीकडच्या बाजूनं दोन्ही गोळे एकामागं एक आलेले, त्यामुळं साहेबांना आणि बाकीच्यांना काही दिसणं शक्य नव्हतं. हलक्या टोल्याला लालचा आवाज तर येतच नव्हता, माझ्याच कृपेनं.

सोनाजी डोळे मिटून उभा होता. किती वेळ उभा होता, देव जाणे. मी मनात म्हणत होतो, म्हण, लागला म्हण. त्याच दमात असंही वाटत होतं, की हा म्हणणार नाही, हा सोनाजी आहे.

त्यानं डोळे उघडले. "लागला," तो म्हणाला.

काठी उचलून त्यानं पन्नासावा मणी सरकवला.

मुन्सफ साहेब तत्काळ उठले. एक क्षण सुद्धा गोळ्यांकडं बघितलं नाही त्यांनी. "लगा तो लगा," म्हणाले, सोनाजीचा हात हातात घेतला आणि सगळ्यांना चहा सांगितला. क्लबाच्या वहीत उर्दूत स्वतःच्या सहीनं लिहून ठेवलं, की या टेबलाला कधीही भोकं पाडू नयेत. गलका उडाला. त्या गलक्यात सोनाजीनं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहायला लागलो. मोठा वकील ना मी! शब्दावर पोट भरणारा. त्या दिवशी माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाही.

डाव संपला की सोनाजी सगळे मणी काठीनं परत सारायचा. त्या दिवशी सारले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर म्हणाला, "वकीलसाब, माज्या कानाला दडा बसलाय. ऐकू येऊन न्हाई राह्यलं. आजपून गुण तुमीच मोजा." बोलताना नजर जमिनीवर. कानाला दडा कसला बसतो! अंगणात कुणाची काठी वाजली तरी वळून बघायचा. पण टेबलाशी उभा राहून "लागला" की "न्हाई" हे त्यानं पुन्हा कधी म्हटलं नाही. त्या तारांनाही हात लावू दिला नाही. पुढचे डाव आम्ही पाटीवर मांडले.

आणि मग काय व्हायचं ते झालं. मी मोजायला लागल्यापासून प्रत्येक हलक्या खेळीवर भांडण. एक म्हणणार लागला, दुसरा म्हणणार नाही, आणि माझ्या शब्दाला कोण विचारतो? मुन्सफ साहेबांची बदली झाली. लोक पत्त्यांकडं वळले. दोन-तीन वर्षांत टेबलावर चादर पडली ती पडलीच. भोकं कुणी पाडली नाहीत, साहेबांची सही होती ना. टेबल शाबूत राहिलं आणि खेळ गेला.

सोनाजी रोज यायचा, चादर काढायचा, ब्रश फिरवायचा, सरकी बदलायचा, चादर घालायचा. मी खोलीत शिरलो की हातातलं काम थांबवून उभा राहायचा. मी काही बोलेन म्हणून थांबलेला असायचा, हे मला कळत होतं. मी हवापाण्याचं बोलायचो आणि निघून यायचो. वर्षानुवर्षं हेच. काही दिवस तर त्याला टाळायला म्हणून मी क्लबातच जात नव्हतो.

पुढं रझाकारांचं वर्ष आलं. क्लबाला कुलूप लागलं. मी बायकापोरांना वऱ्हाडात सासुरवाडीला पोचवलं, सोनाजी केदारखेड्याला भावांकडं गेला. मग पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, आणि नव्या कचेरीला क्लबाची इमारत पाहिजे म्हणून हुकूम आला. सामान दोन दिवसांत हलवा. सेक्रेटरी अजून मीच होतो. मी केदारखेड्याच्या एका पक्षकाराबरोबर सोनाजीला निरोप धाडला. का धाडला, मला सांगता येणार नाही.

तो आला. पटका, घोंगडी, डोळ्यात फूल पडलेलं. त्या डावाला आता चौदा वर्षं झालेली, पार वाकला होता. आठ हमाल टेबलाभोवती उभे होते. वर तारा तशाच होत्या, धुळीनं माखलेल्या, एका तारेवर पन्नासच्या पन्नास मणी एका बाजूला.

"थांबा रे जरा," तो हमालांना म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "वकीलसाब, त्या दिशी तुमी खिडकीपाशी व्हता."

"होतो."

"मंग बोलला का न्हाई?"

"टेबल वाचावं असं वाटलं, सोनाजी."

"मलाबी तेच वाटलं व्हतं." त्यानं टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. "म्या वाट बघून राह्यलो व्हतो, तुमी आज बोलाल, उद्या बोलाल. येकदा कुणी तोंडावर म्हनलं असतं, सोनाजी, न्हाई लागला, तर म्या पुन्ना उभा राह्यलो असतो मोजायला."

मी म्हटलं, "सोनाजी, न्हाई लागला."

चौदा वर्षं उशिरा म्हटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याही. त्यानं मान हलवली. "बराबर."

भिंतीवरची काठी त्यानं काढली. टोक पटक्याच्या शेवानं पुसलं. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, म्हणून हातानं तार चाचपली, आणि काठी टेकवून शेवटचा एक मणी मागं सारला. इतक्या वर्षांचा गंजलेला, तो करकरत गेला. एका तारेवर एकोणपन्नास, दुसरीवर मुन्सफ साहेबांचे अठ्ठेचाळीस.

हमालांचा मुकादम कावला होता. "बाबा, उचलायचं का आता? का अजून काही राह्यलं?"

सोनाजीनं काठी जागेवर ठेवली आणि दारातून बाजूला झाला.

"उचला," तो म्हणाला. "पर डाव व्हायचाय अजून. खेळी साहेबांची हाय."